डोक्यावरून विमान जातं तेव्हा भांडायचं कोणाशी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या वेळी रात्रीच्या आवाजाबद्दल लिहिताना विमानांवर मी दोनच ओळी खर्च केल्या होत्या, आणि त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या आख्ख्या लेखावर आली नाहीत. म्हणून आज फक्त विमानं, त्यातही वस्तीला चिकटलेले छोटे-मध्यम विमानतळ. मी पायलट नाही, वकीलही नाही, बरीच वर्षं आवाज मोजायचं काम केलंय, लोकांच्या गच्चीवर ट्रायपॉड लावून मीटरशेजारी वही घेऊन बसायचो, तर उत्तरं त्या गच्चीवरून दिलेली आहेत असं समजून वाचा.

प्रश्न : आमच्या तक्रारीवरून विमानतळाच्या लोकांनी आठवडाभर यंत्र लावलं आणि मग पत्र पाठवलं की सरासरी आवाज मर्यादेत आहे. रात्री साडेबाराला आमचं बाळ दचकून रडत उठतं ते काय सरासरी ऐकून उठतं का?

उत्तर : नाही उठत, आणि खरं सांगायचं तर सगळं भांडण इथेच आहे. यंत्र खोटं बोलत नाहीये आणि तुमचं बाळही नाही. समजा एक विमान गेलं, मीटर ८० डेसिबलपर्यंत (आवाज मोजायचं एकक) चढला आणि वीस-पंचवीस सेकंदांत खाली आला, मग तासभर शांतता. त्या तासाची सरासरी काढली तर ती ५५ च्या आसपास येते, म्हणजे साध्या गप्पांपेक्षाही कमी. कागदावर तुमच्या घरात तासभर कोणीतरी हळू आवाजात बोलत बसलं होतं, प्रत्यक्षात एकदाच कोणीतरी उशाशी मिक्सर लावून गेलं.

डेसिबलचं गणितही सरळ नाही. आवाजाची ऊर्जा दुप्पट झाली की आकडा फक्त ३ ने वाढतो, कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० ने वाढावा लागतो. म्हणजे उद्या निम्मी विमानं बंद झाली तरी सरासरी ३ नेच उतरणार, तुम्हाला सुटल्यासारखं वाटेल आणि अहवालात काही घडलेलंच नसेल. उलटंही तसंच, विमानं दुप्पट झाली तरी 'किंचित वाढ' असं लिहून मोकळं होता येतं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंही असतं, यालाच मी वैतागतो.

रात्रीचा विचार हिशेबात अजिबात नसतो असं मात्र नाही. अमेरिकेत रात्री १० ते सकाळी ७ या वेळातल्या विमानाला १० डेसिबल जास्तीचे धरतात, म्हणजे रात्रीचं एक विमान दिवसाच्या दहांएवढं. युरोपातल्या मापात रात्रीला तेच १०, शिवाय संध्याकाळला वेगळे ५. पण मर्यादेची रेघ कुठे ओढायची हे शेवटी माणसंच ठरवतात. अमेरिकेत ही रेघ ६५ वर आहे, आणि १९७८ मध्ये बनलेल्या एका आलेखानुसार तेवढ्या आवाजाला साधारण १२ टक्के लोक फार त्रासतात असं धरलं जायचं. मग तिथल्या विमान वाहतूक खात्याने, एफएएने, २० विमानतळांच्या आसपास दहा हजारांवर लोकांना विचारलं, २०२१ मध्ये निकाल जाहीर केले, आणि त्याच ६५ ला फार त्रासलेल्यांचं प्रमाण निघालं ६० ते ७१ टक्के. रेघ मात्र लगेच हलली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये विमानांसाठी जी शिफारस केली ती दिवसरात्र मिळून ४५ आणि फक्त रात्रीसाठी ४० ची आहे. ६५ आणि ४५ मधलं अंतर कानाच्या हिशेबाने चौपट होतं हो!

तर आता परत पत्र लिहाल तेव्हा सरासरी मागूच नका. रात्री ११ ते ६ मध्ये किती विमानं गेली, प्रत्येकाचा कमाल आकडा किती, आणि ७० च्या वर किती वेळा गेला, एवढंच मागा. ऑस्ट्रेलियात हा शेवटचा आकडा 'एन-७०' नावाने विमानतळांच्या नकाशांवर सर्रास दाखवतात आणि तो कोणालाही कळतो, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही.

प्रश्न : आमच्या इथे फ्लाइंग स्कूल आहे. दोन सीटचं एवढंसं विमान, पण रविवारी सकाळपासून गोल गोल फिरतं आणि मोठ्या जेटपेक्षा जास्त डोकं उठवतं. हे मनाचे खेळ आहेत का?

उत्तर : मनाचे खेळ नाहीत, पंख्याचे आहेत. छोट्या विमानाचा बराचसा आवाज इंजिनाचा नसतो, प्रोपेलरच्या टोकांचा असतो. साधारण दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २७०० फेरे मारत असेल तर त्याची टोकं सेकंदाला २८० मीटरच्या पुढे जातात आणि ध्वनीचा स्वतःचा वेग आहे ३४० च्या आसपास, म्हणजे टोकं ध्वनीच्या पाठोपाठच पळत असतात. तिथे वेग जरा कमी केला की आवाज झपाट्याने पडतो. मी एकदा एका धावपट्टीच्या टोकाशी उभा होतो, तेच विमान, तोच पायलट, एकदा फुल्ल फेऱ्यांवर वर गेला आणि पुढच्या वेळी सुरक्षित उंची आल्याबरोबर फेरे कमी केले, मला मीटरकडे बघायचीही गरज पडली नाही. अर्थात सगळ्या विमानांना हे जमत नाही, ज्यांच्या पात्यांचा कोन बदलता येतो त्यांनाच नीट जमतं, शिकाऊ विमानं बहुतेक साध्या पंख्याची.

दुसरं म्हणजे ते गोल गोल. त्याला सर्किट म्हणतात, उतरायचं, चाकं टेकवायची आणि न थांबता परत उडायचं, टच अँड गो. एक फेरी पाच-सहा मिनिटांची, त्यामुळे एकच विमान तासात दहा वेळा तुमच्यावरून जातं, आणि तीन विद्यार्थी एकाच वेळी असतील तर तुमचा रविवार संपला. जेट येतं आणि जातं, हे परत येणार हे माहीत असतं, आणि त्या वाट बघण्यानेच माणूस जास्त चिडतो.

यावर बंदी हा एकच उपाय नाही. जर्मनीत १९९९ च्या एका नियमाने जास्त वर्दळीच्या छोट्या धावपट्ट्यांवर दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि शनिवार-रविवारी दुपारनंतर अशा चकरांवर निर्बंध आले, पण कमी आवाजाचं प्रमाणपत्र असलेल्या विमानांना सूट ठेवली. ही सूटच खरी हुशारी, कारण मग मालक लोक आपणहून सायलेन्सर आणि जास्त पात्यांचे पंखे बसवायला लागतात. स्कूलशी बोलताना एवढं विचारून बघा : एका वेळी सर्किटमध्ये किती विमानं, सर्किट कधी डावीकडून कधी उजवीकडून घेता येईल का, रविवारी सकाळी चकरांऐवजी लांबच्या प्रवासाचे धडे ठेवता येतील का. शिकवणारे बहुतेक तरुण असतात, चिडून गेलात तर तेही चिडतात, चहाच्या वेळेला जा.

प्रश्न : परवा विमान इतक्या खालून गेलं की चाकं स्पष्ट दिसली. हे बेकायदेशीर आहे ना?

उत्तर : चाकं दिसली म्हणजे ते बहुतेक उतरत होतं, आणि उतरताना-उडताना किमान उंचीचा नियम लागू नसतो. एरवी दाट वस्तीवर आजूबाजूच्या ६०० मीटरमधल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा १००० फूट वर आणि मोकळ्या जागी जमिनीपासून ५०० फूट, हा आंतरराष्ट्रीय नियम. तुम्ही धावपट्टीच्या सरळ रेषेत नसाल आणि तरी चाकं दिसली तर मात्र वेळ लिहून ठेवा आणि कळवा.

प्रश्न : आमच्या नगर परिषदेने एकमताने ठराव केला की रात्री १० नंतर विमानं नकोत. वर्ष झालं, काही होत नाही. ठरावाला अर्थ आहे की नाही?

उत्तर : तुम्ही देश लिहिला नाहीत, पण उत्तर जवळपास सगळीकडे सारखंच आहे : जमीन तुमच्या नगर परिषदेच्या हातात असते, आकाश केंद्राच्या. आणि मधल्या फटीत तुमची झोप.

याचा सगळ्यात चांगला धडा अमेरिकेत मिळतो कारण तिथे लोक प्रत्येक गोष्टीवर कोर्टात जातात. सुरुवात कोंबड्यांपासून झाली. नॉर्थ कॅरोलायनात एका कुटुंबाचं कोंबडीपालन होतं, शेजारच्या विमानतळावर युद्धाच्या काळात लष्करी बॉम्बर यायला लागले, घराच्या छपरापासून ६७ फुटांवरून. कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरायच्या, दिवसाला सहा-दहा, एकूण दीडशेच्या आसपास गेल्या, शेवटी धंदा बंद. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आकाश सार्वजनिक आहे हे खरं, पण इतक्या खालून आणि इतक्या वेळा उडणं म्हणजे त्या माणसाची मालमत्ताच घेण्यासारखं आहे, भरपाई द्या. मग १९६२ च्या निकालात ठरलं की ही भरपाई विमान कंपनीने नाही, केंद्रानेही नाही, विमानतळाच्या मालकाने द्यायची. आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराने अगदी तुमच्यासारखाच ठराव केलेला, रात्री ११ ते सकाळी ७ जेटने उडायचं नाही, तो न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी उडवला, म्हणाले हे शहराचं काम नाही.

म्हणजे बघा, पैसे मालकाने द्यायचे आणि विमान कधी उडेल ते ठरवायचं दुसऱ्याने. मालकांनी मग स्वतःचे नियम करायला सुरुवात केली, प्रत्येक विमानतळाचा वेगळा, कंपन्या ओरडायला लागल्या, आणि १९९० मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा करून टाकला की जुनी जास्त आवाजाची जेट १९९९ संपेपर्यंत बाद करू, पण त्याबदल्यात नवीन स्थानिक बंधनं घालायची तर आधी मोठा अभ्यास, खर्च-फायद्याचा हिशेब आणि एफएएची परवानगी. ही परवानगी मिळवणं म्हणजे काय ते बरबँकनेच परत अनुभवलं. तोपर्यंत विमानतळ बरबँक आणि शेजारच्या दोन शहरांनी मिळून विकत घेतलेला होता, म्हणजे आता ते मालक, रीतसर अभ्यास करून अर्ज केला, २००९ मध्ये नकार आला. न्यूयॉर्कजवळच्या ईस्ट हॅम्प्टनने २०१५ मध्ये हेलिकॉप्टर आणि जेटना कंटाळून रात्रीची बंदी आणली, पण अभ्यासाची पायरी गाळली, २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने तेवढ्याच मुद्द्यावर अडवलं.

ज्यांना जमलं ते बहुतेक वेळेत पोचलेले. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) जॉन वेन विमानतळावर १९८५ मध्येच काउंटी, शेजारचं शहर आणि रहिवाशांचे गट यांच्यात तडजोड झालेली, रात्री १० नंतर प्रवासी विमानं उडत नाहीत, ११ नंतर उतरत नाहीत, आणि १९९० च्या आधीचं म्हणून ते टिकलं. तिथलंच सांता मोनिका शहर दशकानुदशकं भांडत राहिलं, शेवटी २०१७ मध्ये केंद्राशी समझोता : धावपट्टी लगेच आखूड करायची, ४९७३ फुटांची ३५००, म्हणजे मोठी जेट आपोआप बाद, आणि २०२८ संपल्यावर विमानतळ बंद करायची मुभा. धावपट्टी आखूड करणं ही मला या सगळ्यातली सगळ्यात आवडलेली युक्ती.

बाकी जगात आयकाओ या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने २००१ मध्ये क्रम सांगितला : आधी शांत विमानं, मग जमिनीचं नियोजन, मग उडवायच्या पद्धती, आणि यांनी भागत नसेल तरच बंदी. युरोपने २०१४ च्या नियमात हाच क्रम कायद्यात घेतला. म्हणून जिथे रात्रबंदी आहे तिथे ती नगर परिषदेच्या ठरावाने आलेली नसते. सिडनीत रात्री ११ ते ६, त्यासाठी १९९५ चा संसदेचा कायदा आहे. फ्रँकफर्टला २०११ मध्ये नवीन धावपट्टी आली तेव्हाच ११ ते ५ बंदी आली आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती कायम केली. लंडन सिटी विमानतळ शनिवार दुपार ते रविवार दुपार चोवीस तास बंद असतो, ते बांधकाम परवानगीच्या अटीत आहे. यात एक गोष्ट सारखी दिसेल, विमानतळाला काहीतरी नवीन हवं असतं, धावपट्टी, टर्मिनल, जास्त प्रवासी, तेव्हा अट घालता येते. तुमचा ठराव फाडू नका, जपून ठेवा, आणि विमानतळाचा विस्ताराचा अर्ज कधी येतो त्यावर डोळा ठेवा.

प्रश्न : पूर्वी विमानं कुठूनही जायची, आता सगळी एकाच रेषेत, आमच्या डोक्यावरून. आमच्यावर राग आहे का कोणाचा?

उत्तर : उपग्रहाचा आहे म्हणा. पूर्वी कंट्रोलर रेडिओवर दिशा सांगायचा, कोणी लवकर वळायचं कोणी उशिरा, आवाज आपोआप वाटला जायचा. आता सॅटेलाइट नेव्हिगेशनमुळे विमानं रुळावरून गेल्यासारखी जातात, इंधन वाचतं, आणि रुळाखालच्यांची वाट लागते. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात सप्टेंबर २०१४ ला असंच एका दिवसात झालं, जुन्या शांत वस्त्यांवर रेघ आली, शहर कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये जिंकलं, कारण लोकांना आधी नीट विचारलंच नव्हतं. यावर तोडगा म्हणून काही ठिकाणी दोन-तीन रेषा आलटून पालटून वापरतात. तसं मागा. पण शेजारच्या वस्तीलाही सांगून मागा, नाहीतर तुमची रेघ त्यांच्यावर गेली की पुढचं पत्र त्यांचं येणार मला.

प्रश्न : उतरताना काही विमानं चक्क शिट्टी वाजवत जातात. काय प्रकार आहे?

उत्तर : कान चांगले आहेत तुमचे. ए-३२० जातीच्या विमानांच्या पंखाखाली इंधन टाकीच्या दाबासाठी गोल भोकं असतात, त्यांच्यावरून हवा गेली की बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं वाजतं. उपाय म्हणजे भोकाच्या पुढे बसवायचा छोटासा पत्रा जो हवेत भोवरा करतो. लुफ्थान्झा या जर्मन कंपनीने २०१४ पासून बसवायला सुरुवात केली, नंतर इतरांनीही. तुमच्याकडे येणाऱ्या कंपनीने बसवलाय का हे विचारायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : तक्रार करून करून थकलो, कोणी वाचतं तरी का? रोज करावी का?

उत्तर : रोज करू नका. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर २०१५ मध्ये ८७६० तक्रारी आल्या, त्यातल्या सुमारे ७८ टक्के एकाच घरातून. त्या घराचा त्रास खोटा नसेल, पण नंतर प्रत्येक चर्चेत तोच आकडा पुढे यायला लागला की 'बघा, एकच माणूस ओरडतोय'. एका घरातून शंभर पत्रांपेक्षा चाळीस घरांतून एकेक पत्र कितीतरी जड पडतं.

आणि 'फार आवाज होतो' असं लिहू नका, ते फायलीत जातं. असं लिहा : मंगळवार, रात्री १२.४२, दोन इंजिनांचं जेट, पूर्वेकडे उडालं, नेहमीपेक्षा आधी वळलं, घरातलं बोलणं वीस सेकंद ऐकू येत नव्हतं. फ्लाइटरडारसारख्या अ‍ॅपवर विमानाचा नंबर आणि उंची मिळते, स्क्रीनशॉट जोडा. वारा कुठून होता तेही टाका, कारण विमानं वाऱ्याच्या तोंडावर उडतात-उतरतात, वारा फिरला की धावपट्टीची दिशा फिरते, आणि 'कधी आमच्यावरून कधी नाही' याचं निम्मं उत्तर तिथेच असतं. उकाड्याच्या दुपारी विमानं खालून जातायत असं वाटतं तेही खरंच, तापलेली हवा विरळ होते आणि चढायला वेळ लागतो.

प्रश्न : सगळं मान्य, पण कायदा बदलेपर्यंत झोपायचंय. खिडक्यांना दुहेरी काच बसवू का?

उत्तर : बसवा, पण आधी फटी बुजवा. किलकिली उघडी खिडकी साधारण १५ डेसिबल अडवते, नीट बंद साधी खिडकी २५ च्या आसपास, आणि ती 'नीट बंद' असते कुठे? एक कागदाची पट्टी घ्या, खिडकीच्या चौकटीत धरून खिडकी लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथून आवाजही सहज येतोय, रबरी पट्टी लावा. मग काचेचा विचार. थंडी-उन्हासाठी मिळते ती बारीक अंतराची दुहेरी काच विमानाच्या घुमणाऱ्या आवाजाला फारशी दाद देत नाही, त्यासाठी दोन काचांमध्ये चांगलं वीतभर अंतर आणि दोन्ही काचा वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात, नाहीतर जिथे एक काच थरथरते तिथेच दुसरीही. हवा यायची सोय वेगळी करा, कारण बंद खोलीत गुदमरून तिसऱ्या दिवशी खिडकी उघडतातच सगळे.

आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर काचेवर पैसे घालायच्या आधी छत बघा. विमान वरून येतं, पातळ पत्र्याचं छप्पर असेल तर खिडक्या कितीही भारी लावा, बाळ साडेबाराला उठणारच.